नामानाची लढाई

शास्त्रपाठ : २ राजे ५:१–१९

या आठवड्याचा पाठ एका सेनापतीविषयीं आहे. नामान हा अरामाच्या राजाचा सेनापती. त्यानें लढाया जिंकल्या होत्या, राजाजवळ त्याचा मोठा मान होता, आणि परमेश्वरानेंच त्याच्या हातून अरामास जय दिला असें शास्त्र म्हणतें. हें वाक्य एका परकीय सेनापतीविषयीं आहे. तें वाचून घाईनें पुढें जाऊं नये. इतकें असून त्याच्या अंगावर कोड होतें. दरबारांत लोक ज्याच्यापुढें वांकत, त्याला घरीं अंगरखा काढतांच आपलें दुःख दिसत असे.

आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. शास्त्रांतील कोड या शब्दाखालीं त्वचेचे निरनिराळे विकार येतात. आज ज्यास आपण कुष्ठरोग म्हणतों तोच नामानास होता असें धरूं नये. कुष्ठरोगाचे जंतु हान्सेन या नॉर्वेच्या वैद्यानें १८७३ सालीं शोधून काढले, आणि तो रोग औषधानें बरा होतो. कोणाच्या अंगावर चट्टा दिसला कीं त्याच्या पापाचा शोध करूं लागणें ख्रिस्ती मनुष्यास मुळींच शोभत नाहीं.

आतां नामान कसा निघाला तें पाहा. त्यानें दहा किक्कार रुपें घेतलें. किक्कार सुमारें ३४ किलोचा धरला तर हें ३४० किलो होतें. शिवाय सहा हजार शेकेल सोनें, दहा पोशाख आणि राजाचें पत्र. बरें होण्याची किंमत त्यानें घरूनच ठरवून आणली होती. अलीशाच्या दाराशीं रथ उभे राहिले, पण संदेष्टा बाहेर आला नाहीं. यार्देनेंत जाऊन सात वेळां स्नान करावें एवढा निरोप आला. नामान संतापला. त्याला आपल्या देशाच्या अबाना व परपर या नद्या आठवल्या. संदेष्टा बाहेर येईल, उभा राहून देवाचें नांव घेईल, हात फिरवील, असा आपल्या बरें होण्याचा सोहळा त्यानें मनांत आधींच रचला होता.

येथें आम्ही थोडें थांबतों, कारण या ठिकाणीं आम्हांस आमचीच ओळख पटते. शांति मिळावी म्हणून आम्ही उपास करूं, रात्रभर प्रार्थना करूं, सभेस दहा कोस चालत जाऊं. पण ज्या भावाशीं बांधावरून बोलणें बंद आहे त्याच्या ओट्यावर जा, असें प्रभूनें सांगितलें कीं ती नदी आम्हांस गढूळ दिसूं लागते.

आम्ही सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडून एका खेड्याच्या मंडळीवर नेमले गेलों होतों, तेव्हांची गोष्ट. मंदिराच्या कौलांच्या खर्चावरून पंचांपैकीं एका वृद्ध बंधूंशीं आमचा वाद झाला. तीन महिने आम्हीं एकमेकांस सलाम केला नाहीं. पहांटे उठून आम्ही शांतीसाठीं प्रार्थना करीत असूं. त्या विषयावर उपदेशही केला! एके दिवशीं मंडळींतील एक विधवा बाई, जिला अक्षरओळखही नव्हती, सहज म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्ही त्यांच्या घरीं गेलां होतां का?” दोन्ही घरांमध्यें एक विहीर व दोन गोठे इतकेंच अंतर होतें. त्या संध्याकाळीं आम्ही गेलों. दारापर्यंत जाऊन एकदां परत आलों, हेंही सांगितलें पाहिजे. मग पुन्हा गेलों. त्यांनीं चहा दिला. आपली चूक त्यांनीं कबूल केली नाहीं. आम्हीं मात्र आमचे कठोर शब्द कबूल केले. कौलांचा हिशोब शेवटपर्यंत जुळला नाहीं. पण त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली, आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळीं प्याला धरतांना हात कांपला नाहीं.

नामानाला वळविणारीं माणसेंही अशींच, लोकांनीं हलकीं मानलेलीं होतीं. पहिली, लुटींत धरून आणलेली एक लहान इस्राएली मुलगी. मग त्याचे चाकर. त्यांनीं त्याला बापाच्या नात्यानें हांक मारली आणि विचारलें कीं, मोठें अवघड काम सांगितलें असतें तर आपण तें केलें नसतें काय? या प्रश्नापुढें रथ वळला.

शोमरोनाहून यार्देन सरळ रेषेंत मोजली तरी तीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि त्या खोऱ्यांत नदी समुद्रसपाटीच्या २०० मीटरांहून अधिक खालीं वाहते. म्हणजे उतरत जावयाचें, आणि परत फिरण्यास जागोजाग वाव. पाण्यांत शिरल्यावर तरी काय? पहिल्या बुडीनंतर कांहीं झालें असें शास्त्र सांगत नाहीं. सहाव्या बुडीनंतरही नाहीं. भिजून वर यावयाचें आणि अंगावर तोच डाग पाहावयाचा! कुष्ठरोगाची जी औषधपद्धति जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं सुचविली, तींत रोगाच्या प्रकाराप्रमाणें गोळ्यांचा क्रम ठरला, आणि तो ६ किंवा १२ महिने पुरा करावा लागतो. चट्टा फिका दिसूं लागला कीं गोळ्या सोडून देणारे रोगी असतात, आणि दवाखान्यांतील परिचारिकांस त्यांच्या घरीं खेपा घालाव्या लागतात. चौथ्या बुडीला कांठावर येऊन बसणारे आपल्या मंडळींतही आहेत. दारू सोडून चार दिवस झाले, मन अजून ओढतेंच, मग प्रार्थनेनें काय झालें, असें विचारणारा बंधु खोटें बोलत नाहीं. त्याची चौथी बुडी आहे, इतकेंच. त्याला टाकून बोलूं नये. कोणीतरी त्याच्याबरोबर पाण्यांत उभें राहावें.

सात बुड्यांनीं नामानानें देवावर उपकार केला नाहीं, हेंही ध्यानांत असावें. त्यानें देऊं केलेलें कांहींच अलीशानें घेतलें नाहीं. ज्यानें मागाहून धांवत जाऊन घेतलें, त्या गेहजीची दशा काय झाली तें पुढील वचनांत वाचावें.

शुद्ध झाल्यावर नामानाच्या सर्व अडचणी सुटल्या काय? सुटल्या नाहींत. त्याला दिमिष्कास परत जावयाचें होतें. राजा रिम्मोनाच्या देवळांत जाई तेव्हां याच्या हातावर टेकत असे. तेथें आपणांस वांकावें लागेल, त्याची क्षमा व्हावी, असें त्यानें स्वतःच बोलून दाखविलें. अलीशानें त्याला नियमांची यादी दिली नाहीं. शांतीनें जाण्यास सांगितलें. या उत्तरावर टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्हांस एवढें दिसतें कीं, जो पहिल्यानें रागानें दार सोडून गेला होता, तोच आतां न सुटलेला प्रश्न बरोबर घेऊन शांतपणें वाटेस लागला. दोन खेंचरांवर मावेल इतकी इस्राएलाची माती त्यानें मागितली होती.

घरीं ती लहान मुलगी होती. तिचें पुढें काय झालें, तिला आईबापांकडे पाठविलें कीं नाहीं, हें शास्त्र सांगत नाहीं. येत्या रविवारीं शाब्बाथ शाळेंत हा प्रश्न मुलांस विचारावा, आणि तीं काय म्हणतात तें मोठ्यांनींही बसून ऐकावें.