जुळत्या छापील कापडांच्या घरगुती वस्तू : भातशेतीस एक पूरक धंदा

भाताची कापणी व झोडणी आटोपून दाणे कणगीत पडले म्हणजे पालघर, ठाणे व रायगड या जिल्ह्यांच्या एकपिकी भागात शेतातील काम जवळजवळ थांबते. जमिनीत ओल असेल तेथे वाल, हरभरा पेरतात. पण ते काम थोड्या हातांचे असते. पुढे राबभाजणीपर्यंत स्त्रियांना शेतीत फारसे काम उरत नाही. याच दिवसांत कित्येक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांची वाट धरतात. शिवणकामाने हे सारे थांबेल असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि ज्या गावात बचतगटाकडे चार-पाच शिवणयंत्रे आहेत व जे गाव रेल्वेस जवळ आहे, तेथे हे चार महिने वाया जाऊ देण्याचे कारण नाही.

यंत्र मिळाले की झंपर, परकर व मुलांचे कपडे शिवण्याकडे सामान्यतः ओढा असतो. या कामात तयार कपड्यांच्या दुकानांशी स्पर्धा करावी लागते, शिवाय माप चुकले तर कापड वाया जाते. अभ्रे, पिशव्या, तोरणे, बटवे, भिंतीवर लावावयाच्या खिशांच्या पट्ट्या या वस्तूंना अंगाचे माप लागत नाही. सरळ टीप मारता येणारी कोणतीही स्त्री त्या शिवू शकते. मात्र सुट्या, विजोड वस्तूंस फारशी किंमत येत नाही. एकमेकांशी जुळणाऱ्या छापील कापडांचा संच केला, तर तीच वस्तू घर सजविण्यास व भेट देण्यास योग्य ठरते.

गिऱ्हाइकाचे घर पाहून माल ठरवावा

पश्चिम रेल्वेवरील जोगेश्वरी हे मुंबईचे उपनगर या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्यापासून त्या भागातील गटांना आपली गाठोडी मुंबईस आणणे सोपे झाले. जोगेश्वरीस धिम्या गाड्या थांबतात. म्हणून बोरिवलीस गाडी बदलावी आणि गर्दीची वेळ टाळून मालडब्यातून यावे. पूर्वेकडे सहाव्या शतकातील शैव लेणे आहे व त्यातील जोगेश्वरी देवीच्या नावानेच हे उपनगर ओळखले जाते. नवरात्रात व महाशिवरात्रीस तेथे भाविकांची गर्दी होते. तोरणे, आसने व पूजेच्या पिशव्या यांना त्या सुमारास मागणी असणे स्वाभाविक आहे.

पण वर्षभराचे गिऱ्हाईक निराळे असते, आणि त्याचे घर कसे आहे हे समजून घेतल्याखेरीज कात्री हाती घेऊ नये. जोगेश्वरीत चाळी आहेत, तशाच झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बांधलेल्या उंच इमारतीही आहेत. या योजनेत प्रथम २२५ व पुढे २६९ चौरस फुटांची घरे देण्यात आली. एवढ्या जागेत स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास व पाहुण्यांची बैठक ही सर्व चालतात. अशा घरी मोठा मेजरुमाल किंवा तक्के-लोडांच्या खोळी कोणी घेणार नाही. तेथे जमीन नव्हे, तर भिंत मोकळी असते. विजेची बिले, कंगवा, औषधांची पाकिटे, शाळेची ओळखपत्रे ठेवण्याची खिशांची पट्टी तेथे खरोखर उपयोगी पडते. सोळा इंची उशीचे दोन अभ्रे, त्याच कापडाची बाजाराची पिशवी व भिंतीवरची पट्टी एवढ्या वस्तू एका खोलीत एका रंगाच्या दिसल्या की खोलीच नीटनेटकी वाटते. पिशवीचे महत्त्व तर २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून वाढलेलेच आहे.

भेटवस्तूंची मागणी आपल्या रीतिरिवाजांतच आहे. संक्रांतीचे वाण, बारशाचे दुपटे व कुंची, लग्नातील रुखवत, राखीची ओवाळणी, गणपतीच्या मखरामागील पडदा असे प्रसंग ओळीने येतात. वाणाच्या वस्तू एक-दोन नव्हे, पंचवीस-पन्नासच्या संख्येने घेतल्या जातात, हे लक्षात ठेवावे.

कापडांचा मेळ कसा साधावा

छापील सुती कापडास आपल्याकडे चीट हा जुना शब्द आहे. हिंदुस्थानातील हे रंगीत छापील कापड पडदे व पलंगपोस यांसाठी युरोपात इतके खपू लागले की तेथील विणकरांचा धंदा बुडेल या भीतीने फ्रान्सने १६८६ साली व इंग्लंडने १७०१ व १७२१ साली कायदे करून त्यास बंदी घातली. घर सजविण्याचे कापड ही आपल्या देशाची जुनी विद्या होय. ती गावोगाव गोधडीच्या रूपाने शिल्लक आहे. जुन्या लुगड्यांचे व चिटांचे तुकडे मांडताना भडक तुकड्याशेजारी शांत तुकडा ठेवावा, कडेस गडद पट्टी द्यावी, हे कोणी शिकविल्यावाचून आजीबाई करीत आल्या आहेत. गटात अशी एखादी वृद्ध स्त्री असेल तर कापड निवडण्यास तिला अवश्य बरोबर न्यावे.

संचासाठी तीन कापडे पुरतात. पहिले मोठ्या नक्षीचे. हे मुख्य. दुसरे बारीक नक्षीचे, बुंदक्यांचे अथवा रेघांचे. त्याचा रंग मुख्य कापडात असलाच पाहिजे. तिसरे सपाट रंगाचे. मुख्य नक्षीत जो रंग सर्वांत कमी आहे तो येथे घ्यावा, म्हणजे नक्षी उठून दिसते. दोन मोठ्या नक्ष्या शेजारी आणल्या तर डोळ्यास कोठेच विसावा मिळत नाही. निवड दुकानातील दिव्याखाली न करता दारात, उजेडात करावी. तिन्ही कापडे एकावर एक टाकून पाच-सहा पावले मागे जावे व डोळे किलकिले करून पाहावे. एखादे कापड एकटेच पुढे धावत आहे असे वाटले तर ते बदलावे.

मुंबईच्या मंगलदास मार्केटसारख्या बाजारात ठाणांनी कापड मिळते. एक नक्षी संपली की तीच पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो, आणि हातछापाच्या दोन खेपांत रंगाचा फरक पडतो. म्हणून दहा नक्ष्यांचे मीटर-मीटर घेण्यापेक्षा दोन नक्ष्यांचे भरपूर कापड घ्यावे. ज्या गिऱ्हाइकाने संक्रांतीस पिशवी नेली तिला पाडव्यास त्याच कापडाचे अभ्रे देता आले पाहिजेत.

धुतल्यावाचून कापू नये

या धंद्यात सर्वांत अधिक नुकसान एका चुकीने होते, ती म्हणजे कोरे कापड तसेच कापणे. विणताना व खळ देताना सुताला ताण दिलेला असतो. पाणी लागताच तो ताण सुटतो व कापड आटते. अभ्रा पहिल्या धुण्यात आखडला व उशीवर चढेनासा झाला, म्हणजे ते गिऱ्हाईक गेले. आणि चाळीत अशी गोष्ट एका घरात राहत नाही. पिशवीचे अस्तर आटले व बाहेरचे कापड आटले नाही तर शिवणीवर सुरकुत्या पडतात. त्यासाठी ठाण घेण्यापूर्वी दहा इंच औरसचौरस तुकडा मागून घ्यावा, धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजावा. तो साडेनऊ इंच भरला तर शेकडा पाच आटले असे समजून त्या हिशेबाने कापड जास्त घ्यावे.

रंगाचीही परीक्षा करावी. ओल्या तुकड्यावर पांढरी चिंधी ठेवून गरम इस्त्री दाबावी. चिंधीस रंग लागला तर कापड स्वच्छ पाणी येईतो पुनःपुन्हा धुवावे. मिठाच्या पाण्यात बुडविले की रंग पक्का होतो ही समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. पण आजच्या छापील सुती कापडांच्या बाबतीत तिच्यावर विसंबून राहू नये. तिसऱ्या-चौथ्या धुण्यातही रंग जात असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी मुळीच वापरू नये. बाळाच्या दुपट्यास तर ते वर्ज्यच समजावे.

तीन मीटरमधील संच

रुंदी ४४ इंचांची तीन कापडे प्रत्येकी एक मीटर घेतली, तर धुतल्यावर प्रत्येक तुकडा साधारण ३७ इंच लांब व ४२ इंच रुंद राहील असे धरू. काठ कापून टाकावा. टोकाशी एक सूत ओढून काढले की सरळ रेघ मिळते. त्या रेघेवरच कात्री चालवावी.

मुख्य कापडातून अभ्र्यांच्या दर्शनी बाजूंसाठी १७ इंचांचे दोन चौकोन व पिशवीसाठी १४ × १६ इंचांचे दोन तुकडे निघतात. नक्षीत मोर किंवा हत्ती असतील तर ते पाय वर करून उभे राहणार नाहीत, इकडे कापतानाच लक्ष असावे. बारीक नक्षीतून अभ्र्यांच्या पाठीसाठी १२ × १७ इंचांचे चार तुकडे व खिशांसाठी साडेनऊ × १७ इंचांचे तीन तुकडे कापावेत. खिशाचा तुकडा मधोमध दुमडला की दुपदरी व टिकाऊ होतो. सपाट कापडातून भिंतीच्या पट्टीसाठी साडेनऊ × २८ इंचांचे दोन तुकडे आडवे कापावेत, पिशवीच्या अस्तराचे १४ × १६ इंचांचे दोन व उरलेल्या पट्ट्यातून बंदांचे ४ × २२ इंचांचे दोन तुकडे काढावेत.

अभ्र्याच्या पाठीचे दोन तुकडे एकेक इंच दुमडून टिपावेत व एकावर एक पाच इंच चढवून लावावेत. अशा अभ्र्यास चेन किंवा बटण लागत नाही. शिवणीसाठी सर्वत्र अर्धा इंच जागा सोडावी. बंद पिशवीस जोडताना चौकोनी टीप मारून तिच्यात फुली मारावी. पिशवी फाटते ती येथेच. उरलेली कात्रणे रंगवारीने वेगळी ठेवावीत. त्यांतून पाच इंची बटवे, तोरणाची पाने व गोटाच्या पट्ट्या होतात. गोट वळणावर लावावयाचा असेल तर पट्टी उरेब कापावी लागते, ही गोष्ट नवशिक्या मुली हमखास विसरतात.

हिशेबात स्वतःची मजुरी धरावी

किंमत ठरविताना शेतकरी भगिनी बहुधा कापड व दोरा एवढेच मोजतात. यंत्रावर गेलेला वेळ फुकटचा मानतात. उदाहरणादाखल असे समजू की कापड मीटरला १२० रुपयांनी ३६० रुपयांचे, दोरा, काठी व वेष्टण ३० रुपयांचे, वीज व यंत्राची झीज १० रुपये, आणि वीस संच मुंबईस नेण्याचा व जागेचा खर्च १,००० रुपये, म्हणजे संचामागे ५० रुपये. रोख खर्च ४५० रुपये झाला. संचास सात तास लागले व गावातील मजुरी आठ तासांस ४०० रुपये असेल, तर मजुरी ३५० रुपये. एकूण ८०० रुपये.

आता हा संच ८०० रुपयांस विकावयाचे ठरवून दुकानात ठेवला व दुकानदाराने शेकडा ३० अडत घेतली, तर हाती ५६० रुपये येतात. त्यांतून ४५० रुपये वजा जाता राहिले ११०. सात तासांचे ११० रुपये म्हणजे तासाला सोळा रुपयेही नाहीत! एवढ्यासाठी डोळे शिणविण्यापेक्षा शेतमजुरी बरी. दुकानामार्फतच विकावयाचे असेल तर किंमत सुमारे १,१४५ रुपये ठेवावी लागेल. ती कोणी देणार नाही असे वाटत असेल तर एकाच वेळी दहा संच कापून, एकीने कापणे, दुसरीने टिपणे, तिसरीने इस्त्री करणे अशी वाटणी करून तास कमी करावेत. मजुरी कमी करू नये. संचातील वस्तू सुट्या विकण्याचीही तयारी असावी. उमेद अभियानातर्फे मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या विक्री-मेळाव्यांत गटास स्वतः विकता येते; तेथे जाण्याआधी ग्रामपातळीवरील कार्यकर्तीने हा हिशेब गटाकडून एकदा कागदावर मांडून घ्यावा.

शेतीचे वेळापत्रक सांभाळून

मार्गशीर्षात संक्रांतीचे बटवे व पिशव्या प्रथम हाती घ्याव्यात. पौष ते फाल्गुन हा खरा मोकळा काळ; त्यात रुखवताच्या वस्तू व पाडव्याचा माल तर करावाच, पण राखी व गणपतीचा मालही तेव्हाच शिवून ठेवावा. श्रावण-भाद्रपदात विकावयाचा माल आषाढात शिवू म्हणणारा गट फसतो, कारण त्या वेळी प्रत्येक स्त्री आवणीच्या चिखलात असते. ज्येष्ठापासून आवणी संपेपर्यंत नवी मागणी घेऊच नये. नवरात्र व दिवाळीचे मात्र घरच्या भातावर अवलंबून आहे. गरवे भात असेल तर भाद्रपदात थोडी सवड मिळते. हळवे भात असेल तर नवरात्रातच विळे निघतात, तेव्हा अशा घरी तोरणांचे काम देऊ नये.

साठविलेल्या मालास पावसाळ्यात बुरशी व कसर या दोहोंपासून जपावे लागते. वस्तूंना खळ देऊन ठेवू नये. खळीवर कसर येते. कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, वाळलेला कडुनिंबाचा पाला पातळ फडक्यात बांधून ठेवावा. बाळाच्या दुपट्यांत डांबराच्या गोळ्या घालू नयेत. त्यांची वाफ नवजात मुलास अपायकारक होऊ शकते. पेटी भुईवर न ठेवता फळीवर ठेवावी आणि पावसाने उघडीप दिली की त्या दिवशी सर्व माल बाहेर काढून घड्या बदलून पुन्हा ठेवावा.