हत्यारांची पारख : जॉर्ज नाकाशिमा

उच्च शिक्षण संपादन केलेल्या मनुष्याने वयाच्या सदतिशीत पुन्हा विद्यार्थी व्हावे, आणि तेही काटेरी कुंपणाच्या आत, असा प्रसंग विरळाच. अमेरिकेतील काष्ठकारागीर जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांच्या वाट्याला तो आला. कार्यानुभवाच्या तासाला सुतारकामाची ओळख करून देणाऱ्या शिक्षकांनी तो अवश्य जाणून घ्यावा.

नाकाशिमा जन्माने अमेरिकन, परंतु मातापिता जपानी. ते वास्तुशास्त्राचे पदवीधर होते. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील ‘गोलकोंड’ या वास्तूच्या बांधकामावरही त्यांनी काम केले होते. पुढे आराखड्यापासून अखेरचा हात फिरविण्यापर्यंतचे सारे काम आपल्याच हाती असावे, या इच्छेने ते सिॲटल येथे लाकडी सामान करू लागले.

इतक्यात युद्ध आले. १९४२ साली जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांस अमेरिकन सरकारने छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य त्याच देशाचे नागरिक होते. नाकाशिमा, त्यांची पत्नी व तान्ही मुलगी यांस आयडाहो प्रांतातील मिनिडोका छावणीत नेण्यात आले. तेथे जपानी परंपरेत तयार झालेले गेंतारो हिकोगावा हे सुतार त्यांना भेटले. या पदवीधराने त्या सुताराचे शिष्यत्व पत्करले! लाकूड म्हणजे बांधकामातील टाकाऊ तुकडे आणि माळावरील झुडपांची वाकडीतिकडी खोडे.

हत्यारे मात्र जुन्या घडणीची. जपानी करवत ओढताना कापते. ढकलताना वाकण्याचे भय नसल्याने तिचे पाते पातळ ठेवता येते व लाकूड कमी वाया जाते. पटाशीच्या व रंध्याच्या पात्यात मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा थर जोडलेला असतो. पोलाद धार टिकविते, लोखंड आघात सोसते आणि निसण्यावर लवकर झिजते. रंधा म्हणजे लाकडाचा ठोकळाच. त्याला स्क्रू नसतात. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पाते केसभर पुढेमागे करावयाचे, आणि ते किती, हे हातालाच कळावयाचे. अशा हत्याराचे मोल दुकानात पाहून उमगत नाही. ते रोज धार लावणाऱ्यालाच उमगते.

१९४३ मध्ये सुटका झाल्यावर नाकाशिमा यांनी पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथे कार्यशाळा थाटली. यंत्रांस त्यांनी विटाळ मानला नाही. जाडेभरडे काम यंत्राने आणि सांधा व अखेरची सफाई हाताने, अशी त्यांची वाटणी असे. हा विवेक शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. हत्यारांविषयीच्या भाबड्या कौतुकाने मुलांचे काही साधत नाही.

आपल्याकडील सुताराचा जुना लाकडी रंधाही ठोकळा, पाते व पाचर एवढ्यांचाच असतो. गावातील सुतारदादांस वर्गात बोलवावे. एकाच फळीवर प्रथम बोथट पात्याने व नंतर धार लावून रंधा मारून दाखविण्याची त्यांस विनंती करावी; पात्याला मुलांनी हात लावू नये. दोन्ही वेळच्या ढलप्या उजेडात धरून मुलांनी त्यांची जाडी ताडावी, फळीवरून बोटे फिरवावीत, आणि फरक आपापल्या शब्दांत वहीत लिहावा.