बेडकाआधी पाणी

आईबाबांनो, लेकराच्या हट्टापायी काचेची टाकी घरी आणलीत ना? मग आजच बेडूक आणू नका. ही चूक आम्ही केली आहे. संध्याकाळी टाकी भरली आणि रात्रीच आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉगची जोडी आत सोडली. दहाव्या दिवशी दोघंही तळाशी निपचित पडलेले. लेक रडत विचारत होती, "माझं काय चुकलं?" घाई आमची होती, आणि उत्तर मात्र ती स्वतःत शोधत होती. ते अजून मनातून जात नाही.

लोणचं मुरतं तसं टाकीतलं पाणीही मुरावं लागतं. बेडकाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. आधी त्याचं नायट्राइट आणि मग त्या मानाने सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढलेला दिसेल. तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले की टाकी तयार झाली. हे आकडे मुलांनाच वहीत लिहू द्या. बेडूक येण्याआधीच त्यांचा जीव टाकीत गुंततो.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते कातडीतून आत घेतो. त्यामुळे पाण्यातलं क्लोरीन किंवा आपल्या हाताचा साबण थेट त्याच्या अंगात जातो. नळाचं पाणी क्लोरीन काढणारे थेंब घालूनच वापरा. पाण्यात राहूनही ड्वार्फ फ्रॉग श्वास मुख्यतः फुफ्फुसानेच घेतो, त्यासाठी सारखा वर येतो. म्हणून उंच टाकीपेक्षा पसरट बरी. पाणी 30 सेंटिमीटरहून खोल नको, वर थोडी हवा राहू द्या आणि घट्ट जाळीचं झाकण हवंच, कारण एवढ्याशा फटीतूनही तो बाहेर पडतो आणि जमिनीवर सुकून मरतो. दोन-तीन बेडकांना 40 लिटरची टाकी पुरे. ड्वार्फ फ्रॉगला जीभ नसते. खाणं तो तोंडात ओढून घेतो, त्याबरोबर बारीक खडेही गिळतो. तळाला मऊ वाळू घाला, नाहीतर त्याच्या डोक्याहून मोठे गुळगुळीत दगड.

आपल्या निर्मल शहरातली रंगीत लाकडी खेळणी टाकीत ठेवायचा मोह मुलांना होईलच. पोनिकीचं लाकूड हलकं, त्यावर चिंचोक्याच्या खळीचं लिंपण आणि वर रंग. पाण्यात ते सगळं सुटेल. खेळणं टाकीशेजारी मांडा.

दुकानात नीट बघून घ्या. ड्वार्फ फ्रॉगच्या पुढच्या पायांच्या बोटांमध्येही पडदा असतो. पडदा नसेल तर तो क्लॉड फ्रॉग नावाचा दुसरा बेडूक. तो तळहाताएवढा होतो आणि सोबतच्यांनाही खातो.

उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, ड्वार्फ फ्रॉगला मात्र 22 ते 26 अंश लागतात. टाकी खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा आणि पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या. थंडीत हीटर लागेल.

आता तुमच्या लेकरांबद्दल. 2009 ते 2011 या काळात अमेरिकेत याच बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली. दोनशेहून जास्त जण आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. बेडूक निरोगी दिसला तरी जंतू असू शकतात. टाकीला हात लागला की लगेच साबणाने हात धुवायचे. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना पाण्यात हात घालू देऊ नका.

कंटाळा आला म्हणून हा बेडूक तळ्यात किंवा गोदावरीत सोडू नका, टाकीचं पाणीही तिथे ओतू नका. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत आणि पाळीव बेडकांच्या व्यापारातून ती पसरते. आपल्या तळ्यातले बेडूक तळ्यातच हवेत. पावसाळ्यात पोराने त्यातला एखादा बरणीत भरून आणला, तर रागावू नका. त्याच संध्याकाळी त्याचं बोट धरून, जिथून आणला तिथेच सोडून या. बरणी उघडायला त्यालाच सांगा.