पेशीचा व्होल्टमीटर

अंडे उकडले की त्यातील पांढरा पातळ भाग घट्ट होतो. ते अंडे गार केले म्हणून तो भाग पुन्हा पातळ होतो का? नाही. असे का व्हावे बरे?

या पांढऱ्या भागात प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक घडी घालून बसलेली असते आणि प्रथिनाचे काम त्या घडीवरच अवलंबून असते. उष्णतेने घडी मोडते, उघड्या पडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांचा गुंता होतो.

मे महिन्यात आपल्या जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घाम गाळून शरीर आपले तापमान ३७ अंशांजवळ राखते, म्हणून आपण निभावतो. पण प्रथिने बिघडायला उन्हाळाच लागतो असे नाही. पेशीत हे रोजच चालते, विशेषतः तंतुकणिकांत. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, तसे तंतुकणिकेत ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्न ‘जळते’. त्यातून निसटलेले ऑक्सिजनचे काही क्रियाशील कण जवळच्या प्रथिनांवरच हल्ला करतात.

शिवाय आणखी एक अडचण आहे. माणसाच्या तंतुकणिकेत सुमारे ११०० प्रकारची प्रथिने असतात; त्यांपैकी फक्त १३ तिच्या आत तयार होतात. बाकीची बाहेरून येतात. आत शिरण्याचे दार इतके अरुंद, की घडी उलगडून, सुईत दोरा ओवावा तसे आत जावे लागते. मग आत गेल्यावर घडी कोण घालणार?

नवरी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण जाते. येथे पाठराखिणी सासरीच वाट पाहत असतात! एचएसपी-७० नावाचे प्रथिन दोरा आत ओढून घेते. एचएसपी-६० हे पोकळ कड्यासारखे असते. त्या पोकळीत नवे प्रथिन एकटे, गुंता न होता, घडी घालू शकते. १९८९ साली आर्थर हॉरविच आणि फ्रान्झ-उलरिख हार्टल यांच्या गटांनी यीस्टवर प्रयोग करून हे दाखवले. एचएसपी-६० बिघडलेल्या यीस्टमध्ये प्रथिने तंतुकणिकेत शिरत, पण त्यांची घडी बसत नसे. ज्याची घडी बसतच नाही, त्याचे ‘लॉन’ नावाचे प्रथिन तुकडे करते.

पण सबंध तंतुकणिकाच बिघडली तर? ते पेशीला कळते कसे? येथे आमचे भौतिकशास्त्र मदतीला येते. तंतुकणिकेच्या आतल्या आवरणाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ०.१५ व्होल्ट विभवांतर असते; आत ऋण, बाहेर धन. तुम्ही म्हणाल, एवढेसे? पण आवरणाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर आहे. भागाकार करून पाहा: दर मीटरला ३ कोटी व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला ३० लाख पुरतात. आत येणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या टोकाशी धन प्रभार असतो, म्हणून ती आत खेचली जातात.

‘पिंक-१’ हे असेच एक प्रथिन. तंतुकणिका धडधाकट असली की ते आत खेचले जाते आणि कापून नष्ट केले जाते. विभवांतर घसरले की ते दारातच अडकते, बाहेरच्या आवरणावर साचते आणि ‘पार्किन’ या दुसऱ्या प्रथिनाला बोलावते. पार्किन त्या तंतुकणिकेवर खुणा करते. मग पेशी तिला पिशवीत गुंडाळून पचवून टाकते. अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेने २००८ ते २०१० या काळात हा उलगडा केला. मला तरी याहून साधा व्होल्टमीटर माहीत नाही.

एवढी घाई कशाला? रावेर-सावद्याहून केळी हिरवीच पाठवतात. त्यात एखादा पिकलेला घड राहिला, तर त्याच्या एथिलीन वायूने इतर घडही लवकर पिकतात. बिघडलेल्या तंतुकणिकेतून निसटणारे क्रियाशील कणही शेजाऱ्यांना असेच बिघडवतात.

त्वचेच्या पेशी सतत नव्या येतात, मेंदूतील बहुतेक चेतापेशी मात्र जन्मभर त्याच पुरवायच्या असतात. पार्किनचे जनुक १९९८ मध्ये आणि पिंक-१ चे २००४ मध्ये एका आजाराशी जोडले गेले. ही जनुके सदोष असली, तर हात थरथरण्याचा पार्किन्सनचा विकार, जो सहसा म्हातारपणी होतो, चाळिशीच्या आतही गाठू शकतो.