अडकणारे बोट : ओळख आणि उपचार

राजुऱ्याहून आसिफाबादकडे जाणाऱ्या मार्गावर राज्याची सीमा ओलांडली की वांकिडीचा परिसर लागतो. १९५६ पर्यंत राजुरा आणि वांकिडी हे दोन्ही भाग हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असत. आज वांकिडी तेलंगणात असून २०१६ पासून त्याचा समावेश कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात झाला आहे. सीमा आखली गेली, तरी मराठी बोली, सोयरसंबंध आणि कापसाचे पीक दोन्ही बाजूंस सारखेच राहिले. निंदणी, वेचणी आणि हंगामाच्या अखेरीस पऱ्हाटी उपटणे ही सारी कामे येथे हातांनीच होतात. बोटे हेच येथील कष्टकऱ्याचे भांडवल होय. म्हणूनच बोटाच्या एका सामान्य, परंतु दुर्लक्षित विकाराची माहिती या भागातील प्रत्येक कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

विकाराचे स्वरूप

सकाळी उठल्यावर एखादे बोट मिटलेलेच राहते. जोर लावला की ‘कट्’ असा आवाज होऊन ते एकाएकी सरळ होते आणि तळहातात कळ येते. बंदुकीचा चाप ओढून सोडावा तशी ही क्रिया दिसते, म्हणून वैद्यकात यास ‘ट्रिगर फिंगर’ असे नाव मिळाले. फ्रेंच शल्यविशारद नोटा यांनी १८५० मध्ये या विकाराचे वर्णन केले होते.

बोट मिटविणाऱ्या कंडरा तळहातातून बोटाच्या टोकापर्यंत एका आवरणातून सरकत असतात. बोटाच्या मुळाशी या आवरणाचा एक घट्ट पट्टा असतो. तो जाड झाला अथवा कंडरेवर लहानशी गाठ आली, म्हणजे सरकण्यास वाव उरत नाही. नाडीला गाठ पडली की ती लेंग्याच्या नेफ्याच्या तोंडाशी अडते, तसाच हा प्रकार आहे. अंगठा आणि करंगळीशेजारचे बोट यांत हा विकार अधिक आढळतो. चाळिशी ते साठीच्या वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त असते.

केवळ कष्टामुळेच हा विकार जडतो, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. मात्र खुरपे किंवा विळा दीर्घकाळ घट्ट धरल्याने जडलेला त्रास वाढतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि संधिवात यांचा या विकाराशी निकटचा संबंध आहे. सर्वसाधारण प्रौढांत तो आयुष्यात केव्हा तरी होण्याची शक्यता २ ते ३ टक्के, तर मधुमेही व्यक्तींत १० टक्क्यांच्या आसपास मानली जाते. यास्तव बोट अडकू लागताच रक्तातील साखर तपासून घेणे हिताचे ठरते.

कुष्ठरोगाची शंका

वाकडे बोट दिसताच आपल्या समाजात कुष्ठरोगाची शंका घेतली जाते. बाबा आमटे यांचे आनंदवन ज्या चंद्रपूर जिल्ह्यात उभे राहिले, त्या परिसरातही ही भीती पूर्णतः लोपलेली नाही. परिणामी कित्येकजण, विशेषतः स्त्रिया, हात पदराआड लपवितात आणि उपचाराची वेळ दवडतात.

वस्तुतः या दोन विकारांतील भेद स्पष्ट आहे. अडकणारे बोट दुखते, खटका देते आणि त्याची संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा झाल्याने बोटे बधिर होतात आणि दुखण्यावाचून हळूहळू वाकतात, खटका बसत नाही; त्वचेवर बहुधा बधिर चट्टे आढळतात. अंतिम निर्णय मात्र डॉक्टरांनीच तपासून द्यावयाचा असतो. तपासणीत कुष्ठरोग निघालाच, तरी घाबरण्याचे कारण नाही. शासकीय आरोग्य केंद्रांत बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो आणि ६ किंवा १२ महिन्यांत तो पूर्ण होतो. दोन्ही परिस्थितींत हात लपविल्याने केवळ हानीच होते.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी विश्रांतीची. घट्ट पकडीची कामे काही आठवडे कमी करावीत, अवजाराच्या दांड्यास जाड कापड गुंडाळावे आणि सकाळी कोमट पाण्यात बोटे हलकेच हलवावीत. बोटाच्या मुळाचा सांधा सरळ ठेवणारी पट्टी सहा आठवडे किंवा अधिक काळ वापरल्यास सौम्य विकारात गुण येतो. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे कमी होते, परंतु अडथळा दूर होत नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरव्रण असल्यास त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

दुसरी पायरी इंजेक्शनाची. कंडरेच्या आवरणात स्टिरॉइड औषध दिल्याने सूज ओसरते. पहिल्याच इंजेक्शनाने निम्म्याहून अधिक रुग्णांना आराम पडतो. मधुमेहींत हे प्रमाण कमी असते. गुण दिसण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे. त्रास उलटल्यास दुसरे इंजेक्शन देता येते, परंतु वारंवार देणे योग्य नव्हे. ते प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच घ्यावे.

तिसरी पायरी शस्त्रक्रियेची. केवळ हात बधिर करून तळहातावर लहानसा छेद घेतात आणि जाड झालेला पट्टा कापून कंडरेची वाट मोकळी करतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. बोटाची हालचाल लगेच सुरू करावयाची असते. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. जखम भरेपर्यंत हात चिखलात किंवा शेणात घालू नये. सुईच्या टोकाने पट्टा मोकळा करण्याची पद्धतीही प्रचलित आहे. जंतुसंसर्ग, बोट ताठरणे किंवा मज्जातंतूस इजा हे धोके क्वचित उद्भवतात. तातडीचे कारण नसल्यास डॉक्टरांच्या संमतीने वेचणीनंतरचा काळ निवडता येतो. मात्र बोट कायमचे आखडू लागले असेल, तर हंगामाची वाट पाहू नये.

लहान मुलाचा अंगठा वाकलेला राहिल्यास तो झटक्याने ओढू नये. पुष्कळ मुलांत तो कालांतराने आपोआप सरळ होतो. न झाल्यास लहानशी शस्त्रक्रिया पुरते.

काय टाळावे

अडकलेल्या बोटास हिसके देणे, ते जोराने चोळणे आणि डाग देणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. लेपाने क्षणभर बरे वाटले, तरी आवळलेला पट्टा त्याने सैल होत नाही. काटा किंवा बोंडाचे टोक रुतल्यानंतर बोट लाल व गरम होऊन सुजले, सरळ करताना असह्य दुखू लागले किंवा ताप आला, तर तो कंडरेच्या आवरणातील जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बोट अडकू लागल्यास प्रथम नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील उपचारांसाठी अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला चंद्रपूर किंवा आदिलाबाद येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मिळू शकतो. घरातील आई, सासू अथवा आजी सकाळी भाकरी थापताना एक हात आखडता घेत असेल, तर त्याचे कारण आपुलकीने विचारावे. वेळीच विचारलेला तो एक प्रश्न तिच्या हाताची पकड वाचवू शकेल.