चुलबंद आवतण देण्याआधी

लग्नं कधीच मंगल कार्यालयात गेली. वाढदिवस, साक्षगंध, निवृत्तीचं जेवण मात्र आमच्या कळमेश्वरात अजून घराच्या अंगणातच होतं. आमच्याही अंगणातून अशा बऱ्याच पंगती उठल्या. पदार्थ सगळ्यांनाच सुचतात. कोण किती वाजता येईल आणि किती वाजता उठेल, हे मात्र कागद घेऊन बसल्याशिवाय सुचत नाही.

१. पंचांगाआधी पाळ्या बघा. आमची अर्धी आळी एमआयडीसीत कामाला. रात्रपाळीवाला लवकर जेवून निघणार, सकाळपाळीवाल्याला पहाटे उठायचं असणार. उरलेली आळी संत्र्यात. आंबिया बहाराची तोड दिवाळीच्या आगेमागे, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा बागवाल्याचं ध्यान व्यापाऱ्याच्या गाडीकडे असतं. आषाढात धापेवाड्याच्या विठ्ठलाची यात्रा, म्हणजे घरचेच लोक तिकडे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारचं जेवण ठेवणं म्हणजे पाहुण्यांशी वैर. एवढं सगळं वगळून जी संध्याकाळ उरेल ती आपली.

२. पंगती दोनच, पण आधी ठरवलेल्या. गावातली म्हातारी मंडळी सातला हात धुऊन तयार. नागपूरचे पाहुणे ऑफिस सुटल्यावर काटोल रोडने निघतात, अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, तरी "फेटरीपर्यंत आलो" हा फोन साडेआठच्या आत येत नाही. त्यांच्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवणं मला पटत नाही. केक कापायचा तो पहिल्या पंगतीआधी. जावई नागपूरचे असले तर यावरून घरात वाद होतो. होऊ द्यावा.

३. आवतण देताना चुलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांना, की एकट्याला, हे तिथल्या तिथे वहीत लिहा. "या बरं का घरी" एवढंच म्हटलं तर कोणी एकटा येतो, कोणी पाच जण. चुलबंद सांगितलेल्या घरामागे मी सरासरी चार ताटं धरते. पाचवा माणूस परगावी असतोच.

४. भारी पदार्थ एकच ठेवा. पाटवडीही करायची, लांब पोळीही आणि वडाभातही, असा हट्ट आचाऱ्याच्या जिवावर सोपा असतो, घरच्यांच्या जिवावर नाही. माझं मत वडाभाताला. हरभरा, तूर, मूग, उडीद या डाळी दुपारी भिजत घालायच्या, संध्याकाळी जाडसर वाटून मिरची, आलं, सांबार म्हणजे कोथिंबीर घालून वडे तळायचे. हे वडे थांबतात. कोमट झाले तरी चव उतरत नाही. पंगत बसायच्या वेळी फक्त भात ताजा हवा. त्यावर वडा कुस्करायचा, वरून हिंग-मोहरी आणि लाल मिरचीची फल्लीतेलातली कडकडीत फोडणी, सोबत कढी. एक किलो तांदळाला पाऊण किलो डाळ, त्यात दहा जण पोटभर जेवतात. दुसऱ्या पंगतीसाठी दुसरा भात लावायचा, एवढंच काम उरतं.

पाटवडीचं तसं नाही. बेसन घोटायला एक माणूस अडकतो, आणि वड्या आधीच रश्शात सोडल्या तर त्या सगळा रस्सा पिऊन बसतात. पाटवडी करायचीच तर रस्सा वेगळा उकळता ठेवावा, वडी वाढताना वाटीत घालावी. लांब पोळीला चूल, पालथा माठ आणि सैल कणीक हातावर फिरवणारी बाई लागते. पोळी एकेकच निघते, म्हणून तिला पंगतीच्या दोन तास आधी बसवा आणि पोळ्या घडी घालून कपड्यात झाका. मऊ राहतात. ती शेजारचीच असली तरी तिला पैसे द्या; काकू-मावशी म्हणून फुकट राबवायची आपल्याकडची रीत मला मुळीच आवडत नाही.

५. तिखट दोन गंजांत. आपल्या जिल्ह्यात भिवापूरची मिरची पिकते आणि ती हात आखडून कोणी घालत नाही. लाल तर्री सोडण्याआधी लहान गंजात फिका रस्सा काढून ठेवा. पुण्याहून आलेली मावसबहीण आणि तिची मुलं दुवा देतात.

६. बिछायत केंद्राचं सामान आदल्या संध्याकाळीच आणा. मोठे गंज, कोपर, झारे, भट्टी, खुर्च्या, कूलर. घरच्या शेगडीवर पन्नास माणसांचा भात लागत नाही. भट्टीला १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडरच घ्या, घरातलं १४.२ किलोचं सिलिंडर ओढत अंगणात नेण्याची सवय वाईट.

७. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी माणशी एक लिटर. पन्नास माणसांना २० लिटरचे तीन कॅन, आणि माठ रात्रीच भरून ठेवलेले.

८. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी आणा, पण रश्शासाठी द्रोण जाड निवडा. पातळ द्रोणातला रस्सा पांढऱ्या सदऱ्यावरच सांडतो.

९. स्पीकर दुपारी वाजवून बघू नका. रात्री दहाची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते, पण रात्रपाळीवाला दुपारी झोपलेला असतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

१०. उरलेलं त्याच रात्री डब्यांतून वाटा. मे महिन्यात भात सकाळपर्यंत टिकत नाही. वडे फ्रिजमध्ये राहतात, दुसऱ्या दिवशी कढीत सोडता येतात. बिछायतवाल्याची गाडी येण्याआधी झारे मोजून ठेवा. एक झारा नेहमी शेजारच्या घरी सापडतो.