पहिले मत

४ नोव्हेंबर २००८ ची रात्र होती. अमेरिकेतील शिकागो शहरात ग्रँट पार्क नावाच्या बागेत लाखाहून अधिक लोक जमले होते. बराक ओबामा निवडणूक जिंकल्याची बातमी आली. एक कृष्णवर्णीय माणूस प्रथमच त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होणार होता! तरुण मुलेमुली आनंदाने नाचू लागली. तिकडे राजधानी वॉशिंग्टनमध्ये विद्यार्थी व्हाइट हाउससमोर धावले. कित्येकांनी आयुष्यातले पहिलेच मत दिले होते.

शिकागोच्या गर्दीत ६७ वर्षांचे जेसी जॅक्सन मात्र रडत होते. तरुणपणी ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर लढले होते. १९६५ पर्यंत दक्षिणेकडील राज्यांत लाखो कृष्णवर्णीयांना मतदान करू दिले जात नसे. मतदारयादीत नाव नोंदवायला गेलेल्यांना कधी मारही बसे. नाचणाऱ्या मुलांनी ते दिवस पाहिले नव्हते.